राजाची रयत

दसऱ्यानंतर सिरसाळ्यातल्या काही गल्ल्यांना कुलपं लागत जातात. परळी-बीड रस्त्यावरचं आमचं गाव तसं बाजाराचं, वर्दळीचं. पण आमच्या वस्तीत दिवाळीच्या सुमारास ट्रक येऊन उभे राहतात आणि भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या, लेकरं असं सगळं चढवून माणसं ऊसतोडीला निघतात. माझे आई-बाबाही निघायचे. मुकादमाच्या वहीत दोघं मिळून एक कोयता. पावसाळ्यातच उचल घेतलेली असायची, ती कृष्णाकाठच्या फडांत पाच-सहा महिने राबून फेडायची. मी शाळेत बरा होतो, म्हणून मला गावातच ठेवायचं असं आईनं मनाशी घेतलं. पण ठेवायचं कुणापाशी? आजी-आजोबा नव्हते, चुलते स्वतःच तोडीला जाणारे. तेव्हा पलीकडच्या दारातली मावशी आईला म्हणाली, "ठिव माझ्यापाशी. राजाचं घर हाय ह्ये, त्येला एक ताट जड न्हाई."

मावशी आमच्या नात्याची नव्हती. आमच्या घरी मरीआई आणि खंडोबा, तिच्या घरी येशू. त्या वस्तीत तिचं एकच घर ख्रिस्ती. तरी माझं बरंचसं बालपण तिच्या चुलीपुढं गेलं, आणि आज मी जो काही आहे त्याचा हिशेब मांडायचा म्हटला तर पहिली ओळ तिच्याच नावाची येते. हे ऋण फिटणारं नाही, हे मला ठाऊक आहे. निदान ते कागदावर नोंदलेलं असावं, म्हणून लिहितो आहे.

मावशीचं माहेर जालन्याकडचं. तिकडे बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढं स्कॉटिश मिशनचे पाळक म्हणून निजामाच्या मुलखात येऊन त्यांनी मुख्यतः मांग समाजात काम केलं. ज्या माणसांची सावली गावाला चालत नव्हती, त्यांच्याबरोबर ते बसले-उठले. मावशीच्या आज्याचा आजा त्या वेळी विश्वासात आला, असं ती सांगायची. तिला सालं सांगता येत नसत. तिची कालगणना वेगळी होती: निजामाचं राज्य असताना, पोलीस अॅक्शनच्या वक्ताला, दुष्काळात खडी फोडत होतो तव्हा. म्हणजे १९४८ आधी, १९४८ आणि १९७२.

निजामाच्या राज्यातली वेठ तिनं डोळ्यांनी पाहिली होती. अधिकारी गावात आला की तिच्या बापाला हातातलं काम टाकून त्याचं सामान पुढच्या गावापर्यंत वाहून न्यावं लागे. मोबदला काही नाही. नकार दिला तर चाबूक. त्यामुळं राजा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पुस्तकातून राजे माहीत झालेल्या माणसानं देवाला राजा म्हणणं निराळं आणि राजाची वेठ ज्याच्या बापाच्या पाठीवर बसली होती त्यानं म्हणणं निराळं. मावशी देवाला बाप म्हणे, मालक म्हणे, पण तिच्या तोंडात जास्त वेळा राजाच असे.

पहाटे चूल पेटवण्याआधी ती गुडघे टेकायची. डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन, मोठ्यानं. आम्ही गोधडीत पडून ऐकत असू. प्रार्थनेत मागणं थोडं. "आज काय हुकूम, राजा?" असं ती विचारायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचं मला फार नवल वाटे. इतर सगळे देवाशी बोलताना पाहिले होते; उत्तराची वाट पाहत बसलेलं माणूस मी पहिल्यांदा तिच्याच घरात पाहिलं. उठल्यावर ती कामाला लागायची ती काहीतरी ठरवून. अमकीच्या घरी बाळंतीण आहे, तिला भाकरी पोचवायची. तमकीशी आठ दिवस बोलणं बंद आहे, ते आज उघडायचं. दुकानदाराचे चार आणे द्यायचे राहिलेत, ते शाळेत जाता जाता देऊन ये. असे तिच्या राजाचे हुकूम. त्यांत आकाशवाणी कुठंच नव्हती, पण ते पाळल्याशिवाय तिचा दिवस पुढं सरकत नसे.

तिला वाचता येत नव्हतं. मला वाचता येऊ लागल्यावर शास्त्रवाचनाचं काम माझ्याकडं आलं. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की चिमणी जवळ ओढायची आणि मी वाचायचं. आरंभी मी अक्षरं जुळवत अडखळायचो, ती न कंटाळता थांबायची. माझं मराठी वाचन शाळेपेक्षा त्या चिमणीच्या उजेडात जास्त सुधारलं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बसून बायबलाचं भाषांतर केलं, अडाणी बायांनाही समजेल अशा मराठीत, आणि १९२२ साली ते काम उरकल्यावर लगेच त्यांनी देह ठेवला, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मनात पहिल्यांदा मावशीच आली. रमाबाईंना जी वाचक-श्रोती डोळ्यांपुढं दिसत असेल, ती बीड जिल्ह्यातल्या एका मातीच्या घरात भाकरी थापत बसली होती.

तिला पुन्हा पुन्हा ऐकायचा असे तो शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला आठवा अध्याय. इस्राएल लोक म्हाताऱ्या शमुवेलाकडं राजा मागतात. शमुवेल त्यांना बजावतो की राजा तुमची पोरं रथापुढं पळवील, लेकींना स्वयंपाकाला लावील, चांगली शेतं काढून घेईल, धान्याचा दहावा वाटा नेईल आणि मग तुम्ही रडाल. ती यादी मी वाचत असताना मावशी एकेका कलमाला मान हलवायची, तलाठ्यानं सातबारा वाचावा आणि शेतकऱ्यानं होकार द्यावा तशी. "समदं खरं लिवलंय," ती म्हणायची. "माझ्या बापाला इचारा." आणि मग मला लगेच शुभवर्तमानातला तो भाग काढायला लावायची, जिथं येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे दोन भाग ती एकापाठोपाठ एक ऐकायची. कुणा पाळकानं तिला तशी जोडी लावून दिली होती की तिची तिनंच लावली, कोण जाणे. पुढं मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, पण देवाचं राज्य आणि माणसाचं राज्य यांतला फरक इतका स्वच्छ कुणी दाखवला नाही.

यरुशलेमेत येशू गाढवावर बसून आला, हेही तिला फार आवडे. आमच्याकडं वीटभट्टीवर गाढवं असतात. पाठीवर विटा लादून, मान खाली घालून चाललेली. त्यांतलं एखादं दारावरून गेलं की मावशी म्हणायची, "बघ, राजाची सवारी." हे ती हसण्यावारी म्हणत नसे. गावानं ज्या जनावराला फक्त शिवीत जागा दिली, त्याच्यावर बसून जो आला त्याच्यापुढं वाकायला मला लाज नाही, असं ती सांगायची.

आता ज्या प्रसंगानं माझ्या मनावर कायमचं वळण उमटलं तो सांगतो.

एका वर्षी मावशीच्या थोरल्या मुलानं मुकादमाकडून नवरा-बायकोची उचल घेतली, पैसे घरच्या आजारपणात आणि जुन्या देण्यात गेले, आणि ट्रक लागायच्या आदल्या रात्री तो पुण्याकडं निघून गेला. उचल बुडवणं ही आमच्या भागात मोठी भानगड. मुकादमानंही तो पैसा कारखान्याकडून आणि सावकाराकडून उचललेला असतो. त्याच्या मानेवरही सुरी असते. दुसऱ्या दिवशी तो चार माणसं आणि जीप घेऊन दारात आला. धाकटा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, दारामागं उभा. पैसे येईपर्यंत ह्याला नेऊन बसवतो, असं मुकादम म्हणाला. असं माणूस नेऊन बसवणं त्या वेळी कुणाला नवीन नव्हतं. वस्तीतली सगळी जमली, पण मधे कुणी पडेना, कारण प्रत्येकाच्याच नावावर त्याची उचल.

मावशी उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "पैसा तुझा हाय. त्यो आमी बुडवणार न्हाई, माझ्या राजापुढं मला तोंड दाखवायचंय. पर माणूस तुझा न्हाई. माणूस त्येचा हाय. ह्या पोराला हात लावायचा तर आधी मला उचलून बाजूला ठिव."

मुकादम बराच वेळ बोलत राहिला. शिव्याही दिल्या. ती ऐकत बसली. शेवटी तिनंच तोड काढली: मी येते. माझ्यासंगं हा धाकटा. दोघांचा कोयता धर. फिटंल तेवढं फिटंल, उरलं ते पुढल्या साली. साठीकडं झुकलेली बाई, कोयता सोडून तिला वर्षं झालेली. मुकादमानं कुरकुरत वहीत लिहिलं. मावशीनं त्याच्याकडून वचन घेतलं की हिशेब माझ्यासमोर वाचून दाखवायचा, आणि तो वाचायला हा शाळेतला पोरगा बसंल. शाळेतला पोरगा म्हणजे मी. त्या वर्षी माझी शाळा बुडाली आणि मीही फडावर गेलो, कारण मला सांभाळणारीच चालली होती.

फडावरची ती वस्ती मला अजून तंतोतंत दिसते. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोप्या, बाहेर तीन दगडांची चूल. पहाटे चारला थंडीत निघायचं, कोयत्यानं ऊस बुडख्यातून तोडायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या. ट्रक रात्री आला तर रात्री. आजारी पडून घरी बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जायचे. रविवार नावाचा वार तिथं नव्हताच. मावशीला याचं दुःख होतं. रविवारी काम करावं की नाही, हे तिनं आपल्या नेहमीच्या पद्धतीनं विचारलं आणि उठून कोयता घेतला. दुपारी मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी थांबले तर माझी मोळी दुसरीच्या डोक्यावर जाईल. राजाला ह्ये चालंल व्हय?" रात्री गाडी भरून गेल्यावर, कधी बारा वाजता, ती कोपीत तीन-चार बायांना घेऊन बसायची. त्यांत ख्रिस्ती ती एकटीच. दिवसभराचं दुःख बोलायचं, मी दोन ओवींएवढं शास्त्र वाचायचं, ती प्रार्थना करायची आणि सगळ्या झोपायला जायच्या. त्याच फडावर असलेली माझी आईही येऊन बसे. मरीआईला तिनं कधी सोडलं नाही आणि मावशीनं कधी सोड म्हटलं नाही. पण पुढं आयुष्यभर अडचणीच्या वेळी आई म्हणायची, "मावशीच्या राजाला सांग रे."

वाढं विकून तोडकऱ्यांना चार पैसे वरचे मिळतात. ते उचलीच्या हिशेबात धरत नाहीत, हातात राहतात. मावशी त्यातला दहावा भाग वेगळ्या पुरचुंडीत बांधायची. जवळ मंडळी नाही, दानपेटी नाही; मग हे द्यायचं कुणाला? टोळीतल्या एका बाईचा पाय कोयत्यानं कापला गेला, तेव्हा ती पुरचुंडी सुटली. ती बाई मावशीशी भांडलेली होती, हे सांगायलाच हवं.

हंगाम संपून पट्टा पडला, हिशेब झाला. मी वही वाचली. दोन खाडे जास्तीचे लावलेले होते, मी ते सांगितले आणि मुकादमानं ते मुकाट्यानं खोडले. उरलेली रक्कम पुढच्या हंगामात थोरल्यानं परत येऊन फेडली.

कॉलेजात गेल्यावर मी या प्रसंगावरून तिच्याशी खूप वाद घातला. उचलीची ही सगळी रीतच अन्यायाची आहे, माणसाला सहा महिने गहाण टाकणारी आहे, तू ती का मान्य केलीस? आजही मी त्या रीतीला अन्यायच म्हणतो. आणि आणखी एक गोष्ट ठासून म्हणतो: अधीन राहा, हा उपदेश गरिबाला करणं फार सोपं असतं. देवाच्या अधीन राहा असं म्हणत म्हणत मालकाच्या अधीन राहा असं सुचवणारे उपदेशक मी पाहिले आहेत. मावशीला त्या माळेत बसवता येत नाही. ती मुकादमाच्या पैशाला बांधील होती, मुकादमाला नव्हती. माझ्या वादाला तिचं उत्तर छोटं होतं: "म्या पैसा त्येच्या हातात दिला. भेव दिलं न्हाई." एकदा खरा राजा ठरला की बाकीच्यांचं देणं किती आणि कुठवर, याची रेघ आपोआप आखली जाते, हे मी तिच्याकडं पाहून शिकलो.

ही रेघ तिनं आणखी एकदा आखली. तिच्या धाकट्या सुनेला पोटाचा त्रास सुरू झाला, तेव्हा एका खासगी डॉक्टरनं पहिल्याच भेटीत गर्भाशयाची पिशवी काढायचा सल्ला दिला. सून पंचविशीचीही नव्हती. टोळीतल्या बायकाही म्हणत, काढून टाक, खाडे वाचतील. मावशी म्हणाली, "ही काया मुकादमाची न्हाई, कारखान्याची न्हाई. ज्येनं दिली त्येला इचारल्याबिगर काई काढायचं न्हाई." आणि विचारलं म्हणजे नुसती प्रार्थना करून ती थांबली नाही, सुनेला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथं तपासण्या झाल्या, औषधोपचार झाले, सून बरी झाली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्यांना मधे उभं राहणारं कुणी नव्हतं, त्या सगळ्याजणी डोळ्यांपुढं आल्या.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं चरित्र मी नोकरीला लागल्यावर वाचलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ मध्ये मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथं ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले आणि दरबाराचा तो प्रयोग अपुरा राहिला, असं लोक लिहितात. मला तसं लिहवत नाही. पाचटाच्या कोपीत रात्री बारा वाजता चार बाया बसल्या होत्या, त्यांतल्या तिघींचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि मधे बसलेल्या बाईला टिळकांचं नावही माहीत नव्हतं. तो दरबार नव्हता तर काय होतं? मीही तेव्हा तिथला बाप्तिस्मा न झालेलाच होतो. तो मी पुढं माझ्या समजुतीनं, वडिलांना विचारून घेतला. वडील म्हणाले, "तिच्यासारखा होणार असशील तर हो."

तिच्यासारखं होणं मला जमलं असं म्हणण्याचं धाडस नाही. पण रोजच्या धंद्यात तिचा राजा माझ्यामागं उभा असतो. मी मोंढ्यातल्या आडतीवर हिशेब लिहायला लागलो. तूर, सोयाबीन, कापूस घेऊन शेतकरी पहाटेपासून रांगेत असतो, दमलेला असतो, घरी जायच्या घाईत असतो. त्याच्या पोत्याचं जे वजन काट्यावर येतं, तेच हिशेबाच्या पट्टीत लिहायचं असतं. पण पट्टीत एक-दोन किलो इकडचे तिकडे झाले तर तो काही बोलत नाही, बोलला तरी त्याचं चालत नाही. आणि सगळ्या दिवसाचे असे किलो मिळून चांगली रक्कम होते. मी ज्या दुकानात होतो तिथल्या मालकानं मला तसं लिहायला सांगितलं. देव राजा आहे हे रविवारी गाताना मला कधी अडचण आली नव्हती. त्या दिवशी काट्यापुढं उभं राहून पेन हातात धरल्यावर मात्र त्या गाण्याला किंमत मागितली गेली. नीतिसूत्रांत खोट्या तराजूविषयी जे लिहिलंय ते मी मावशीला कितीदा वाचून दाखवलं होतं. मी काट्यावर आला तेवढाच आकडा लिहिला. महिनाभरात दुसरं काम शोधावं लागलं, पगार कमी झाला, घरात बायकोनं काही दिवस काटकसर केली आणि एका शब्दानं बोलली नाही. देवाच्या अधीन राहणं माझ्या आयुष्यात प्रत्येक वेळी असंच, एखाद्या आकड्यावर, एखाद्या सहीवर, एखाद्या तोंडावर आलेल्या शब्दावर येऊन ठेपलेलं आहे. मोठे प्रसंग फारसे आलेच नाहीत.

मावशी गेली तेव्हा हंगाम चालू होता, वस्ती निम्मी रिकामी. परळीहून पाळक आले. मातीला खांदा द्यायला वस्तीतल्या मरीआईवाल्यांनीच हात लावला, खड्डाही त्यांनीच खणला. शेवटचे काही दिवस मी तिच्यापाशी होतो. एका संध्याकाळी तिनं मला वही-पेन घ्यायला लावलं. मला वाटलं काही सांगायचं असेल, लेकरांबद्दल, घराबद्दल. तिनं देणी सांगितली. दुधाचे इतके, गिरणीवाल्याचे इतके, किराणावाल्याकडून नेलेल्या चहापत्तीचे इतके. लोकांकडून तिला येणं होतं ते मी विचारलं, तर म्हणाली, ते लिहायचं काम नाही.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी मी ती वही घेऊन निघालो. दूधवाल्यानं पैसे घेतले, गिरणीवाल्यानं घेतले. किराणावाला घेईना. म्हणाला, मावशीचं कसलं देणं, उलट मीच तिचा देणेकरी आहे. मी त्याला म्हटलं, तुम्ही घ्यायचे की नाही हे तुमच्याकडं नाही आणि द्यायचे की नाही हे माझ्याकडं नाही, तिनं सांगितलंय. त्यानं खातेवही काढली, तिचं पान उघडलं, पैसे मोजून घेतले आणि माझ्यासमोर नावावर रेघ मारली.